गोट्या (खेळ)

हा लेख गोट्यांच्या खेळाविषयी आहे. 'गोट्या' हे ना. धों. ताम्हनकर यांच्या बालसाहित्यातील एका प्रसिद्ध मुलाचेही नाव आहे.

गोट्या हा लहान गोल गोळ्या नेमाने मारून, घरंगळवून किंवा फेकून खेळायचा मैदानी खेळ आहे. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने मुलांचा खेळ म्हणून ओळखला जातो. घराचे अंगण, गल्ली, मंदिरापुढचा पार किंवा शाळेचे पटांगण अशा कोणत्याही मोकळ्या मातीच्या जागेवर तो खेळता येतो. गोट्यांच्या खेळांचे दोन मुख्य गट पडतात. पहिल्या गटात जमिनीत खणलेला लहान खड्डा, म्हणजे 'गल', हे लक्ष्य असते. दुसऱ्या गटात जमिनीवर आखलेल्या रिंगणातील गोट्या हे लक्ष्य असते. या लेखात खेळाचे साहित्य, मूलभूत कौशल्ये, गलीच्या खेळाचे नियम आणि नवशिक्याने करावयाचा सराव यांची माहिती दिली असून, उदाहरणे मुख्यतः जळगाव आणि धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भात घेतली आहेत.

नाव

'गोटा' म्हणजे गोल दगड आणि 'गोटी' हे त्याचे लघुत्वदर्शक रूप होय. 'गारगोटी' या शब्दातही हीच गोटी आहे. विदर्भात व हिंदी भाषिक प्रदेशात 'कंचे' हा शब्द प्रचलित आहे. 'गोट्या खेळत बसणे' हा वाक्प्रचार मराठीत 'वेळ वाया घालवणे' या अर्थाने वापरला जातो. वडीलधाऱ्यांची या खेळाविषयीची नाराजी त्यात उमटली आहे. ही नाराजी बहुतांशी गोट्या जिंकण्या-हरण्याच्या प्रथेमुळे होती. तिचा विचार पुढे केला आहे.

साहित्य

आज सर्वत्र काचेच्या गोट्या वापरल्या जातात. नेहमीच्या गोटीचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर आणि वजन सुमारे ५ ग्रॅम असते. नेम मारण्यासाठी काही खेळाडू सुमारे २५ मिलिमीटर व्यासाची मोठी गोटी वापरतात. तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे लहान गोटीच्या जवळजवळ चौपट भरते. त्यामुळे मोठी गोटी वापरू द्यायची की नाही, हे डाव सुरू होण्यापूर्वी ठरवून घेतात.

काचेच्या गोट्या स्वस्तात मिळू लागण्यापूर्वी दगडाच्या, भाजलेल्या मातीच्या व लाखेच्या गोट्या प्रचारात होत्या. गोटीऐवजी रिठ्याच्या बिया, गजगे आणि चिंचोके वापरूनही हे खेळ खेळले जात. कोकण व गोव्यात काजूच्या बियांनी असेच खेळ खेळतात. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत गारगोटी, अकीक यांसारखी कठीण खनिजे तयार होतात. खडक झिजला की हे गोटे सुटून नदीनाल्यांच्या पात्रांत येतात. जळगाव परिसरातील दगडखाणी अशा पोकळ्यांत सापडणाऱ्या झिओलाइट गटातील खनिजांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत.

काचेच्या गोटीचा आणखी एक परिचित मार्ग म्हणजे सोड्याची बाटली. इंग्लंडमधील हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये गोटीने बंद होणाऱ्या बाटलीचे एकस्व घेतले. बाटलीतील वायूच्या दाबामुळे गोटी आतून रबरी कड्यावर घट्ट बसते आणि तोंड बंद राहते. भारतात ही बाटली 'गोटी सोडा' म्हणून रुळली. बाटली फुटली की आतली गोटी मुलांच्या खिशात जाई.

मैदान आणि गल

गलीच्या खेळासाठी सुमारे ४ मीटर लांब व २ मीटर रुंद सपाट जागा पुरते. एका टोकाला गल खणतात. नवशिक्यांसाठी ८ ते १० सेंटीमीटर रुंद आणि ४ ते ५ सेंटीमीटर खोल गल सोयीची असते. टाचेने माती दाबून व बोटांनी कड गुळगुळीत करून ती तयार करतात. गलीपासून अडीच ते तीन मीटरवर रेघ ओढतात. फेक या रेघेमागून करायची असते.

जमीन कशी आहे यावर खेळ अवलंबून असतो. खानदेशात तापी व तिच्या गिरणा, पांझरा, वाघूर इत्यादी उपनद्यांच्या खोऱ्यांत कापूस पिकवणारी काळी माती विस्तृत प्रमाणावर आहे. ही माती पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर गल टिकत नाही आणि गोट्या भेगांत हरवतात. मात्र गावठाणाची जमीन शेतजमिनीहून वेगळी असते. मराठीत शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीमुळे साचलेली पांढरीची भुसभुशीत माती पाणी शिंपडून व चोपून घट्ट करता येते. मुरूम टाकून चोपलेले किंवा शेणाने सारवलेले अंगणही खेळाला उत्तम ठरते. पावसाळ्यात गल पाण्याने भरते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडील तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने दुपारी उघड्यावर खेळणे शक्य नसते. त्यामुळे हिवाळ्याचे कोरडे दिवस, तसेच उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळ हा या खेळाचा सोयीचा काळ होय.

मूलभूत कौशल्ये

१. फेक. रेघेमागून गलीकडे गोटी टाकताना हात खालून पुढे आणतात. गोटी थेट गलीत टाकण्यापेक्षा ती गलीच्या अलीकडे टेकवून घरंगळू देणे अधिक खात्रीचे असते. कठीण जमिनीवर काचेची गोटी उसळते, म्हणून ती जितकी खालून व सावकाश सोडावी तितके बरे.

वेगाचे महत्त्व साध्या गणिताने समजते. सपाट घरंगळत आलेली गोटी गलीच्या काठावरून सुटल्यावर आपल्या त्रिज्येइतकी, म्हणजे ८ मिलिमीटर, खाली येण्यास सेकंदाचा सुमारे २५ वा भाग लागतो. तेवढ्या वेळात ती समोरच्या काठापर्यंत पोहोचली, तर काठावर आपटून किंवा त्यावरून उडून पुढे जाते. ८ सेंटीमीटर रुंद, उभ्या काठाच्या गलीसाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटर येते. यापेक्षा वेगाने आलेली गोटी अचूक रेषेत असली, तरी गलीत राहण्याची शक्यता कमी असते. म्हणून नवशिक्याच्या चुका दिशेपेक्षा वेगात अधिक असतात.

२. बोटाचा नेम. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत उजव्या हाताचा खेळाडू डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर टेकवतो आणि गोटी डाव्या मधल्या बोटाच्या टोकाशी धरतो. उजव्या हाताच्या चिमटीने गोटीसह ते बोट मागे ताणतो व सोडतो. ताणलेले बोट धनुष्यासारखे काम करते. टेकवलेला अंगठा हलला की नेम चुकतो, म्हणून प्रथम अंगठा स्थिर ठेवण्याचा सराव करतात. डावखुरे खेळाडू हात उलट वापरतात. पाश्चात्त्य देशांत मूठ जमिनीवर टेकवून अंगठ्याने गोटी उडवण्याची पद्धत आहे.

३. उभ्याने नेम. प्रतिस्पर्ध्याची गोटी दूर असल्यास उभे राहून किंवा वाकून, गोटी डोळ्यांच्या रेषेत धरून थेट फेकतात. यात गोटी फुटण्याची शक्यता असल्याने काही ठिकाणी ही पद्धत मना असते.

४. टोल्याचा परिणाम. सारख्या वजनाच्या दोन गोट्या मध्यावर आदळल्या, तर मारणारी गोटी जवळजवळ जागेवर थांबते आणि समोरची गोटी पुढे जाते. टोला कडेला बसला, तर दोन्ही वेगवेगळ्या दिशांना जातात. आपली गोटी टोल्यानंतर कोठे राहील याचा अंदाज येणे हा कुशल खेळाडूचा गुण समजला जातो.

खेळाचे प्रकार

राशीची गल. हा प्रकार फेकण्याचे कौशल्य पाहणारा आहे. समजा, चार गडी प्रत्येकी ३ गोट्या काढतात आणि १२ गोट्यांची रास होते. क्रम ठरवण्यासाठी प्रत्येक जण एक गोटी गलीकडे फेकतो. ज्याची गोटी गलीत किंवा गलीच्या सर्वांत जवळ, त्याचा पहिला डाव. पहिला गडी बाराही गोट्या ओंजळीत घेऊन रेघेमागून एकाच वेळी गलीकडे फेकतो. त्यांतील ३ गलीत पडल्या, तर त्या त्याच्या होतात. बाहेर राहिलेल्या ९ गोट्यांपैकी एक गोटी प्रतिस्पर्धी नेमून देतात. ती गोटी रेघेमागूनच आपल्या नेमाच्या गोटीने मारायची असते. नेमलेलीच गोटी लागली, तर उरलेल्या नऊही त्याच्या. नेम चुकला, तर त्या नऊ गोट्या पुढच्या गड्याकडे जातात. भलतीच गोटी लागली किंवा एकाच टोल्यात दोन गोट्या हलल्या, तर एक गोटी दंड भरून डाव सोडावा लागतो.

या खेळातील खरी चुरस गोटी नेमण्यात असते. प्रतिस्पर्धी सहसा दुसऱ्या गोटीला चिकटून बसलेली गोटी नेमतात, कारण तिला एकटीला मारणे अवघड असते. म्हणून कुशल खेळाडू रास फेकताना काही गोट्या गलीत जातील आणि उरलेल्या सुट्या पसरतील असा प्रयत्न करतो. गलीत जास्त गोट्या पाडण्याचा हव्यास धरून रास आवळून फेकली, तर बाहेरच्या गोट्यांचा पुंजका होतो आणि पुढचा नेम कठीण होतो.

गुणांची गल. यात प्रत्येकाकडे एकच गोटी असते. रेघेपासून सुरुवात करून गोटी बोटाने गलीत घालावी लागते. गलीत गेलेल्या गड्यालाच इतरांच्या गोट्या मारण्याचा हक्क मिळतो. गलीत जाणे व गोटी मारणे यांना प्रत्येकी एक गुण आणि पुन्हा एक संधी मिळते. बहुधा १० गुण पूर्ण करणारा गडी सुटतो. प्रतिस्पर्ध्याची गोटी गलीजवळ असेल, तर तिला दूर उडवणे हा बचावाचा मुख्य डाव असतो. शेवटी उरलेल्या गड्यावर राज्य येते. इतर जण त्याची गोटी टोले मारून लांब नेतात आणि त्याला ती हाताच्या कोपराने किंवा मुठीने ढकलत गलीपर्यंत आणावी लागते.

रिंगण. सुमारे १ मीटर व्यासाचे वर्तुळ आखून त्याच्या मध्यभागी सर्वांच्या गोट्या ठेवतात. बाहेरून नेम मारून जितक्या गोट्या रिंगणाबाहेर काढता येतील, तितक्या त्या खेळाडूच्या होतात. नेमाची गोटी आत अडकली, तर डाव जातो. गल खणता येत नाही अशा कठीण जमिनीवर हा प्रकार उपयोगी पडतो.

नवशिक्यांसाठी सराव

पहिल्या दिवसांत गुण न मोजता केवळ वेगाचा अंदाज घ्यावा. दीड मीटरवर रेघ आखून १० गोट्या एकेक करून गलीकडे टाकाव्यात. गलीत किती पडल्या यापेक्षा गलीच्या पुढे किती गेल्या आणि अलीकडे किती राहिल्या हे पाहावे. दहापैकी चार-पाच गोट्या गलीत पडू लागल्या की रेघ अर्ध्या मीटरने मागे न्यावी. बोटाच्या नेमासाठी दोन गोट्या एका वितीच्या अंतरावर ठेवून प्रारंभ करावा आणि अंतर हळूहळू वाढवावे. यानंतर गुणांची गल आणि शेवटी राशीची गल खेळावी. वयाने लहान असलेल्या गड्याला रेघ पुढे आखून देण्याची सवलत ठेवल्यास मोठ्यांबरोबरचा डाव एकतर्फी होत नाही.

बोली आणि नियम

गोट्यांना सर्वमान्य लिखित नियमावली नाही. गल्लीगणिक नियम बदलतात आणि त्यामुळे डावापूर्वीची 'बोली' हा खेळाचाच भाग असतो. पुढील गोष्टी आधी बोलून घेतल्यास पुढचे तंटे टळतात: रेघ ओलांडून पाऊल पडल्यास फेक बाद की ग्राह्य, गोटी आणि नेम यांच्या मधला खडा, काडी किंवा धूळ दूर करता येईल की नाही, गोटी भिंतीला किंवा पायाला लागून परतल्यास काय करायचे, काठावर अडकलेली गोटी आत समजायची की बाहेर, मोठी गोटी चालेल की नाही, आणि जिंकलेल्या गोट्या ठेवायच्या की डाव संपल्यावर परत करायच्या.

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. जिंकलेल्या गोट्या कायमच्या ठेवण्याच्या पद्धतीमुळे खेळात गांभीर्य येते, परंतु हरलेल्या मुलाचे खिसे रिकामे होतात. नव्या गोट्या घेण्यासाठी पैसे मागणे, उधारी आणि मारामारी हे त्याचे परिणाम ठरत. गोट्यांची जागा नाण्यांनी घेतली की तो सरळ जुगार होतो. अनेक घरांत व शाळांत गोट्यांना बंदी होती, तिचे कारण बहुधा हेच होते. डाव संपल्यावर प्रत्येकाला त्याच्या गोट्या परत करून केवळ गुणांची नोंद ठेवली, तर खेळाचे कौशल्य तसेच राहते आणि हा आक्षेप उरत नाही.

त्याचबरोबर, पंचाविना चालणाऱ्या या खेळात मुले स्वतः नियम ठरवतात, ते मोडल्याचे दाखवून देतात आणि तडजोड करून डाव पुढे नेतात. तंटा मिटला नाही, तर डाव थांबतो आणि कोणालाच खेळता येत नाही. त्यामुळे तो मिटवण्यात सर्वांचा स्वार्थ असतो.

इतरत्र आढळणारे सदृश खेळ

सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत दगडाचे लहान गोळे सापडले असून त्यांतील काही खेळण्याच्या गोट्या असाव्यात असे मानले जाते. प्राचीन रोममधील मुले आक्रोड व इतर कठीण कवचाच्या फळांनी असे खेळ खेळत. अरुंद तोंडाच्या भांड्यात फळ टाकण्याचा खेळही त्यांत होता.

इंग्लंडमधील टिन्स्ली ग्रीन या गावात गुड फ्रायडेला गोट्यांची स्पर्धा भरते. तिची सध्याची परंपरा १९३२ पासूनची आहे. त्यात रिंगणातील ४९ गोट्या बाहेर काढायच्या असतात. अमेरिकेत १९२२ पासून राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिच्यात १३ गोट्या फुलीच्या आकारात मांडतात. अमेरिकेच्याच टेनेसी व केंटकी राज्यांच्या सीमाभागात 'रोली होल' हा तीन गलींचा खेळ रूढ असून तो आपल्याकडील गलीच्या खेळाला सर्वांत जवळचा आहे.

अमेरिकेतील अंगणात खेळला जाणारा 'कॉर्नहोल' हाही भोक लक्ष्य मानणारा खेळ आहे. मात्र त्यात गोटीऐवजी मूळच्या पद्धतीने मक्याचे दाणे भरलेली कापडी पिशवी वापरतात. २७ फूट अंतरावरील उतरत्या फळीवर सहा इंच व्यासाचे भोक असते. पिशवी भोकात गेल्यास ३ गुण आणि फळीवर राहिल्यास १ गुण मिळतो. एका फेरीत दोन्ही बाजूंचे गुण एकमेकांतून वजा करून उरलेले गुण जास्त असलेल्या बाजूला देतात आणि डाव २१ गुणांचा असतो. भोक जमिनीऐवजी फळीत असल्यामुळे तो खेळ गवतावर किंवा फरसबंदीवर कोठेही मांडता येतो. गलीला मात्र माती लागते.

सद्यस्थिती

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतून आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आले, तर १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशातील जुन्या गावांत मातीच्या भिंतींची धाब्याची घरे, सारवलेली अंगणे आणि कच्च्या गल्ल्या होत्या. तेथे गल खणायला कोणाची परवानगी लागत नसे. गेल्या काही दशकांत गल्ल्यांचे काँक्रिटीकरण झाले, अंगणांत फरश्या किंवा पेव्हर ब्लॉक बसले आणि शाळांची पटांगणेही अंशतः बांधीव झाली. चिखल, धूळ व डास कमी व्हावेत म्हणून केलेल्या या सुधारणा रहिवाशांना हव्याच होत्या. परंतु त्यांच्याबरोबर गलीची जागा गेली. गोट्यांच्या खेळांपैकी रिंगण खडूने आखून काँक्रीटवरही खेळता येते, तरी गुळगुळीत पृष्ठावर गोटी थांबत नाही आणि गलीचे प्रकार तर बंदच होतात. क्रिकेट, दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांचाही परिणाम झाला आहे, मात्र जमिनीतील बदल हे त्यांच्याइतकेच ठोस कारण आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अध्यापनात देशी खेळांचा उपयोग करण्याचा उल्लेख आहे. गोट्यांसाठी वेगळ्या क्रीडांगणाची किंवा खर्चिक साहित्याची गरज नाही. पटांगणाचा एक कोपरा, सुमारे ४ मीटर लांब व २ मीटर रुंद, मातीचा राखला, तर एक गल आणि तिच्याभोवती चार-पाच मुलांचा डाव त्यात मावतो. त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना गावातले नियम विचारून लिहून घेणे हा विद्यार्थ्यांसाठी सोपा व उपयुक्त प्रकल्पही होऊ शकतो, कारण हे नियम बहुतांशी तोंडीच चालत आले आहेत.

सुरक्षितता

गोटी घशात अडकून श्वास बंद पडण्याचा धोका असल्याने ३ वर्षांखालील मुलांजवळ गोट्या ठेवू नयेत. टवका उडालेली किंवा तडा गेलेली काचेची गोटी वापरू नये. उभ्याने नेम मारताना समोर कोणी बसलेले नसावे. रहदारीच्या रस्त्यावर डाव मांडू नये. खेळ संपल्यावर गल बुजवावी, म्हणजे कोणाचा पाय मुरगळत नाही. मातीत खेळल्यानंतर हात साबणाने धुवावेत.

हेही पाहा

लगोरी
विटीदांडू
सागरगोटे
भोवरा